युद्धाचा बोनस

२ ऑक्टोबर म्हटलं की आपल्याला काय काय आठवतं? गांधीजयंती, ड्राय डे, आणि वार सोयीचा आला असेल तर लोणावळ्याचा ट्रॅफिक जॅम.

२ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं. पगारवाढीसाठी नाही, कुणाला कामावरून काढलं म्हणूनही नाही. युद्ध नको म्हणून. जेमतेम महिनाभर आधी, ३ सप्टेंबरला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नव्हतं. काँग्रेसच्या बैठका अजून चालूच होत्या, प्रांतांतली मंत्रिमंडळं राजीनामा द्यायची होती, आणि इकडे गिरणगावातल्या लाल बावट्याच्या युनियननं संप करून मोकळं व्हायचं ठरवलं. त्या महायुद्धाविरुद्धचा हा जगातला पहिला संप, असं डाव्या चळवळीच्या इतिहासात अभिमानानं लिहिलं जातं. पहिला की दुसरा, या वादात मी शिरत नाही. मला त्यात वेगळंच काहीतरी खुपलं.

ते असं, की ३ ऑक्टोबरला पहाटे भोंगा झाला आणि हीच माणसं गिरणीत गेली. आणि मग पुढची सहा वर्षं त्यांच्या मागांवरून लष्करासाठी कापड निघत राहिलं. गणवेशाचं, तंबूचं.

मग तो एक दिवस काय होता? ढोंग? प्रतीक? की आणखी काही? सध्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दर महिन्याला एक नवं युद्ध असतं. युक्रेन, गाझा, मे २०२५ पासून तर आपलं स्वतःचंही. ड्रोन कुणाचे चांगले, क्षेपणास्त्र कुणाचं अचूक, कोण नैतिक आणि कोण दुटप्पी, यावर डबा संपेपर्यंत निकाल लागलेला असतो. त्यामुळे १९३९ साली आपल्याच गावात हा वाद कसा झाला होता, ते जरा नीट बघावंसं वाटलं. तर मंडळी, चला वरळीला.

*

वरळीच्या बीडीडी चाळी आपण बसमधून, टॅक्सीतून शेकडो वेळा पाहिल्यात. आता तिथे टॉवर उभे राहतायत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. पण मूळ चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. एका चाळीत ८० खोल्या. वरळीत अशा १२१ चाळी.

या चाळी मुळात एका युद्धाच्या पोटी जन्मल्या. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी पैसा ओढला, माणसं येत गेली आणि राहायला जागा उरली नाही. मग गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तेच ते बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवायचा आणि त्यातून ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळींवर गाडी थांबली. वरळी तेव्हा लांब पडायची, त्यामुळे तिथल्या कितीतरी खोल्या बरीच वर्षं रिकाम्याच होत्या. १९३०च्या सत्याग्रहात सरकारनं त्यांतल्या काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग करून टाकला. कामगारासाठी बांधलेली खोली जराही न बदलता कोठडी म्हणून चालली. स्थापत्यशास्त्रावर याहून बोचरी टीका मला तरी सुचत नाही.

नंतर खोल्या भरल्या. कोकणातले, घाटावरचे, गिरणीतले, गोदीतले, म्युन्सिपाल्टीतले. दलित वस्तीही मोठी. म्हणजे १९३९ साली जगातल्या युद्धाबद्दल मत असू शकतील असे सगळे लोक एका बोळात, एका नळावर.

*

आता मुद्द्याचा शब्द. बोनस.

दिवाळीच्या आधी आपण सगळे ज्याची वाट बघतो तो हा शब्द गिरणगावात आला कसा? युद्धातून. १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांच्या पगारावर १० टक्के ‘वॉर बोनस’ द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी तो १५ टक्के केला. महागाई भडकली होती आणि नफा त्याहून जास्त. पगार वाढवला तर युद्ध संपल्यावर कमी करता येणार नाही, म्हणून नाव दिलं बोनस. (आपल्या सीटीसीतल्या ‘व्हेरिएबल पे’चे आजोबा म्हणा ना.) पुढे मालकांनी बोनस बंद केला, तेव्हा १९२४ साली दीड लाखावर कामगार संपावर गेले. सरकारनं नेमलेल्या समितीनं सांगितलं की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोचत नाही. संप फसला.

म्हणजे १९३९ साल उजाडेपर्यंत गिरणगावाला युद्ध म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं. युद्ध म्हणजे आधी महागाई, मग जादा पाळी, मग बोनस, मग बोनस बंद. घोषणा देणारे काहीही सांगोत, ही आठवण वीस-बावीस वर्षांचीच जुनी होती.

हे लक्षात घेतलं की २ ऑक्टोबरनंतर जे घडलं त्याचा अर्थ लागायला लागतो. कारण पुढचा मोठा संप झाला तो महागाई भत्त्यासाठी. सरकारी मंडळानं रोज दोन आणे भत्ता सुचवला, युनियनला तो अपुरा वाटला आणि ५ मार्च १९४० पासून जवळजवळ ४० दिवस गिरण्या बंद राहिल्या. डांगे वगैरे पुढारी पकडले गेले. आणि युद्धाच्या वर्षांत नफा चढत गेला तसा बोनसही परत आला. आधी वर्षाच्या कमाईच्या साडेबारा टक्के, मग थेट एक-षष्ठांश. दोन महिन्यांचा पगार!

एखादा हुशार मित्र इथे लगेच म्हणेल, ‘म्हणजे बघ, ऑक्टोबरात युद्ध नको, मार्चमध्ये युद्धातला वाटा हवा. दुटप्पीपणा!’

मला तसं वाटत नाही. युद्धाला नाही म्हणणाऱ्यालाही ज्वारी विकतच घ्यावी लागते, आणि ज्वारीचा भाव युद्ध ठरवतं. ज्या माणसाला न विचारता युद्धात ओढलं, त्यानं ‘याचं बिल निदान माझ्या ताटातून वसूल करू नका’ म्हणणं, हे त्याच ‘नाही’चं दुसरं रूप आहे. पण हेही खरं, की बोनस हातात पडल्यावर ‘नाही’ म्हणणं अवघड होत जातं. त्या पैशात युद्ध आहे हे कळत असतं, आणि तो पैसा परत करता येत नाही. गावी पाठवायचा असतो, पोरांची फी भरायची असते. आमच्यासारख्यांनी एवढ्या गोष्टीवरून गिरणी कामगाराला नैतिकता शिकवायला जाऊ नये. कारण पुढे येतंच आहे.

*

आधी वाद बघू. कारण १९४१ नंतर त्यात जी गंमत झाली तिला तोड नाही.

सुरुवातीला कम्युनिस्टांचं म्हणणं सरळ होतं. दोन साम्राज्यं भांडतायत, आपला काय संबंध? २२ जून १९४१ ला हिटलरनं रशियावर हल्ला केला. मग काही महिने आतल्या आत घुसळण झाली आणि वर्षअखेरीस भूमिका १८० अंशांत फिरली. कालचं साम्राज्यशाही युद्ध आज लोकयुद्ध झालं. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचं नावच ‘लोकयुद्ध’. आता संप नको, उत्पादन वाढवा, फॅसिझमला हरवा. ज्यांनी १९३९ साली माग थांबवले त्यांनीच आता माग थांबवू नका म्हणायचं!

आणि नेमक्या त्याच वेळी, ८ ऑगस्ट १९४२ ला, गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’. शहर पेटलं, गिरण्या काही दिवस बंद पडल्या. तेव्हा कम्युनिस्ट कार्यकर्ता दारोदार काय सांगत असेल आणि लोक त्याला काय ऐकवत असतील, याची कल्पना करा. ४२ची ती भूमिका पक्षाला पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावी लागली.

तिकडे शिवाजी पार्कला सावरकर सांगत होते, हिंदू तरुणांनो, सैन्यात शिरा, बंदूक चालवायला शिका, युद्ध कुणाचंही असो. आणि हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’त डॉ. आंबेडकर. त्यांची भूमिका गिरणगावात सगळ्यात कमी समजून घेतली गेली असं मला वाटतं. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा मोठा संप केला होता. वर्षभरानं युद्ध आलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. नाझींचा विजय ही माणसामाणसांतल्या समतेवरच कुऱ्हाड आहे, असं ते मानत होते. आणि सैन्यभरती हा त्यांच्यासाठी हक्काचा प्रश्न होता. महारांची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली एक पलटण उभारली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. (बोनससारखीच की!) शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढच्या जुलैत आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले.

आता बीडीडीतला एक बोळ डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत तुरुंगात गेलेल्या काँग्रेसवाल्याचं कुटुंब. समोरच्या खोलीत ‘लोकयुद्ध’ विकणारा. बाजूला ज्याचा भाऊ बेळगावला भरती झाला तो. असे तिघे एका नळावर उभे असतील, तर कुणाला देशद्रोही म्हणायचं? प्रत्येकाकडे कारण होतं, आणि ते नुसतं वाचून आलेलं नव्हतं. एकाचा भाऊ पणाला लागलेला, एकाची नोकरी, एकाचा तुरुंगवास. आपल्या जेवणाच्या टेबलावर नेमकं हेच नसतं. आम्ही कुठलीही बाजू घेतली तरी चारच्या मीटिंगला सगळे हजर.

अर्थात चाळीच्या वादांना उगाच सोनेरी मुलामा द्यायला नको. याच वरळीच्या चाळींत जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली, दगड उडाले, माणसं मेली. नळ एक असला की मनं एक होतात असं काही नाही. पण समोरच्याची बाजू काय आहे हे माहीत नसायला तिथे जागाच नव्हती, एवढं नक्की.

*

आणि बातम्या? त्या कुठून यायच्या?

खोलीत रेडिओ असणं चाळीत चैनीचं होतं. वर्तमानपत्र एकानं विकत घ्यायचं आणि दहा जणांनी ऐकायचं. वर सेन्सॉर बसलेलं. पण ऐकणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की प्रत्येक आवाजामागे कुणीतरी आहे. सरकारी रेडिओ सरकारचा. जानेवारी १९४२ पासून जर्मनीतून बोलणारा आझाद हिंद रेडिओ सुभाषबाबूंचा, पण जर्मनांच्या वीजेवर. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईतच लपूनछपून सुरू झालेला, ४२.३४ मीटरवर बोलणारा काँग्रेस रेडिओ उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा. तेव्हा त्यांचं वय २२. म्हणजे आपल्याकडच्या फ्रेशर्सचं. पोलिसांना चकवत जागा बदलत, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत ते चालवलं त्यांनी. आणि ज्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं त्याच्यापर्यंत अण्णाभाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडवरचा पोवाडा पोचत होता. व्होल्गेच्या काठची लढाई डफावर थाप मारून गिरणगावात आणली! तोही प्रचारच. पण तो प्रचार आहे हे गाणारा लपवत नव्हता.

मग आला १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! दुपारी चारच्या सुमारास एक आणि अर्ध्या तासानं दुसरा स्फोट झाला. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. शेकडो माणसं मेली, सुमारे ८० हजार बेघर झाली, पेटता कापूस आणि लोखंड शहरावर पडलं. युद्ध कुठेतरी ब्रह्मदेशात आहे असं म्हणणाऱ्या मुंबईच्या अंगणात ते येऊन पडलं.

आणि बाहेरच्या जगाला याची तपशीलवार बातमी दुसऱ्याच दिवशी कुणी दिली? जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. शत्रूनं! इथल्या वार्ताहरांना ती बाहेर धाडायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपलं सरकार गप्प आणि शत्रूचा प्रचारक खरं बोलतोय, अशी ती उलटी वेळ होती.

८ मे २०२५ च्या रात्री याच्या अगदी उलट झालं. आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं, सकाळपर्यंत ते खोटं निघालं. तेव्हा सेन्सॉरनं खरं दाबलं होतं, आता गोंगाटानं खोटं वाढवलं. दोन्हींतून एकच धडा निघतो. बातमी आपल्या बाजूची आहे की शत्रूच्या, यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. ‘हा कुणाच्या वीजेवर बोलतोय?’ हा प्रश्न आधी विचारायचा, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरही बातमी वेगळी तपासायची. गिरणगावातला माणूस पहिलं काम तरी रोज करत होता. आपल्या हातात त्याच्या हजारपट साधनं आहेत, आणि आपण सगळ्यात आधी ‘फॉरवर्ड’ दाबतो.

*

आता ते ‘पुढे येतंच आहे’ म्हटलेलं.

मागावरच्या माणसाला कापडाचा रंग दिसत होता. खाकी म्हणजे खाकी. तंबूचं जाड कापड म्हणजे तंबूचं. आपण काय विणतो आणि ते कुठे जाणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. मी जो कोड लिहितो तो मालाच्या गाड्यांचे मार्ग आखतो. कुठली गाडी, तिच्यात काय, ती कुठल्या देशातल्या कुठल्या गोदामात चाललीय, ते मला दिसत नाही. चित्रातली वस्तू ओळखणारा जो प्रोग्रॅम शेतातली कीड शोधतो तोच थोड्या फरकानं छपरावरचा माणूस शोधू शकतो. आमच्या कापडाला रंगच नसतो. म्हणून आमची झोप शांत आणि आमची मतं ठाम.

२०१८ साली गुगलमधल्या सुमारे ४ हजार लोकांना तो रंग दिसला. ड्रोननं टिपलेल्या चित्रांचा अर्थ लावणारं, अमेरिकी संरक्षण खात्याचं ‘प्रोजेक्ट मेव्हन’ नावाचं काम त्यांची कंपनी करत होती. त्यांनी पत्र लिहून विरोध केला, काहींनी नोकरी सोडली, आणि कंपनीनं तो करार पुढे वाढवला नाही. शस्त्रांसाठी एआय वापरणार नाही असं तत्त्वही जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वाक्य तत्त्वांतून गळलं. मध्ये सात वर्षं गेली होती.

म्हणजे झालं ना पुन्हा तेच? २ ऑक्टोबरला बंद, ३ ऑक्टोबरला भोंगा.

हो, आणि तरीही नाही. त्या एका दिवसानं युद्ध एक मिनिटही लवकर संपलं नाही, हे मान्य. पण न विचारता ज्यांना ओढलं होतं त्यांनी ‘आम्हाला विचारलं नव्हतं’ हे नोंदवून ठेवलं, एक दिवसाची मजुरी बुडवून. त्या किमतीमुळेच ते मत ठरलं. नाहीतर नुसती कुजबुज. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी भूमिका बदलली, काहींनी नाही, काही फौजेत गेले, काही तुरुंगात. मी त्या नळावर असतो तर कुणाच्या बाजूनं असतो? मला वाटतं, १९३९ ला संपात आणि १९४२ ला फार मोठ्या गोंधळात. नाझी हरायलाच हवे होते, आणि इंग्रज जायलाही हवे होते. दोन्ही एकदम खरं असताना शांतपणे उभं राहायची जागा कुठे असते, ते मला अजून कळलेलं नाही.

पण एक गोष्ट आपल्यालाही करता येण्यासारखी आहे. कुठल्याही युद्धावर मत द्यायच्या आधी, माझं यात काय गुंतलंय ते तपासायचं. माझ्या पगारात, माझ्या म्युच्युअल फंडात, माझ्या कोडमध्ये. आणि नवं काम हातात आलं की पहिल्याच मीटिंगमध्ये विचारायचं, ‘हे शेवटी वापरणार कोण?’ बहुतेक वेळा उत्तर अगदी कंटाळवाणं निघेल. एखाद्या वेळी मॅनेजर जरा थांबेल, विषय बदलेल.

तो थांबला की समजायचं, कापड खाकी आहे. मग एका दिवसाची मजुरी बुडवायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.